गादीवरचा कारभारी

चाटी गल्लीतल्या एका दुकानात शिवयोगी लुगडी दाखवायचा. दाखवायचा कमी, गिऱ्हाईक बघायचा जास्त. त्याचं म्हणणं असं, की माणसाच्या डोक्यात चार कारभारी असतात, पण गादीवर एकच बसतो. बाकीचे तिघे दाराआड पान खात उभे. कुणाचा हात कारभारी, पोत चोळल्याशिवाय तो बोलतच नाही. कुणी "काठ एवढा महाग का?" म्हणून उलटतपासणी घेतो. कुणाला लुगडं घडीत असतानाच त्याची पुढच्या दिवाळीतली चिंधी दिसते. आणि कुणी नुसता सोबतच्यांची तोंडं बघतो. मी धोतराला गेलो तेव्हा मला पुरता उलगडून बघून म्हणाला, "मास्तर, तुमचे चारीबी रजेवर हायत." धोतर मात्र चांगलं दिलं.

त्याच्या लेकीचं, दाक्षायणीचं, लग्न ठरलं. मुलगा महादेवप्पा, कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात. सुपारीचंही व्यसन नाही. साखरपुडा झाला आणि मंडळी बस्ता बांधायला शिवयोगीच्याच दुकानी आली. प्रभातफेऱ्यांचे दिवस, त्यानं जावयापुढं कोटाची खादी टाकली.

"आवडली का?"

महादेवप्पानं कापडाला बोटही लावलं नाही. शेजारी वळून विचारलं, "आई, मला हे आवडलं का?"

"न्हाई," राजाबाई म्हणाल्या.

"न्हाई आवडलं," महादेवप्पा म्हणाला.

दुकानात हशा पिकला. मीही हसलो. शिवयोगी तेवढा हसला नाही.

घरी त्याची बायको हेमावती म्हणाली, "आईचं ऐकतोय की! आन् तुमची लेक काय येगळी हाय? आमटीत मीठ कमी पडलं का, हे बी तुमच्या तोंडाकडं बघून ठरवती. जमलं की जोडं!"

शिवयोगीच्या हातातला घास हातातच राहिला. दोघंही दुसऱ्याची तोंडं बघणारी, म्हणजे त्यांच्या संसारात गादी रिकामी, आणि तिच्यावर राजाबाई बसणार, हे त्याला लख्ख दिसलं. लग्न मोडावं, तर कारण काय सांगणार? मुलगा आईला विचारतो? लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. निदान पोरीला एकदा तरी आपलं आपण ठरवता यावं, म्हणून दुपारी गर्दी नसताना त्यानं तिला दुकानात आणलं, इरकली लुगडी पसरली आणि म्हणाला, "तुला आवडंल ते घे." मग फडताळाकडं तोंड करून उभा राहिला.

"अप्पा, तोंड का फिरवलं?"

"घे की तू."

"रागावलासा व्हय?"

"न्हाई गं."

मागं सळसळ झाली, थांबली. मग मुसमुसणं ऐकू आलं. शिवयोगीची मान आखडून गेली, पण तो वळला नाही.

"हे," ती शेवटी म्हणाली.

तो आनंदानं वळला. तिच्या हातात मळखाऊ, काळपट लुगडं होतं.

"हे आवडलं तुला?"

"मला काय म्हाईत? तुमी तोंड दाखवंना, मग सासूबाईंचं डोळ्यापुढं आणलं. त्यास्नी आवडंल हे." आणि घाबरून, "बरं हाय न्हवं, अप्पा?"

ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. गिऱ्हाइकापुढं करायचा तसं शिवयोगीनं तोंड हसरं केलं, आणि दाक्षायणीलाही हसू आलं.