सुमनची काळी आणि तिची चूल

सुमन मेली तेव्हा सगळे रडत होते आणि मी तिची कोंबडी पकडत होते.

कोणीतरी पकडायलाच पाहिजे होती. दारात माणसं, माणसांच्या मागे कुत्री, आणि काळी घाबरून छपरावर.

आज त्याला वर्ष झालं.

आणि आज पहाटेपासून माझ्या घरात चिवचिव चालू आहे. घाईत टाइप करते आहे. चुकलं तर तुम्ही नीट वाचून घ्या.

सुमन म्हणजे माझी शेजारीण. मध्ये एक भिंत. त्या भिंतीवरून आम्ही जन्मभर भांडलो, जास्त करून कोंबड्यांवरून.

त्या आधीच्या पावसाळ्यात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली. गल्लीतल्या कोंबड्या माना वाकड्या करून पटापट पडल्या. माझं खुराडं रिकामं झालं. सुमनचंही. एकटी काळी वाचली.

बाजारात पांढऱ्या कोंबड्या मिळतात, पण त्यांना अंड्यावर बसायचं माहीतच नाही. अंडं टाकतात आणि निघून जातात.

काळी बसते. गल्लीत तशी आता तीच एक.

दवाखान्यात सुमनने माझा हात धरला. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलेल.

"मन्ही काळीले संभाळजो. तिन्हा वंश बुडू देऊ नको."

"बरं."

"पण अंडा तू ठेवू नको वं. तुन्हा हातनी पिलं निंघतस नही."

मरताना पण टोमणा.

आमच्याकडे नवी कोंबडी आणली की चुलीभोवती फिरवतात. मग ती घर सोडत नाही. मला हे माहीत होतं. पण माझ्याकडे चूल कुठे? सुनेने गॅस आणला आणि चूल काढून टाकली. ओटा भिंतीला चिकटलेला, त्याच्याभोवती फिरणार कशी?

मी काळीला सिलिंडरभोवती फिरवलं.

हसा.

दुसऱ्या दिवशी काळी सुमनच्या कुलूप लावलेल्या दारात. आणली, परत गेली. पायाला दोरी बांधली तर खाणं सोडलं, अंडं बंद. दोरी सोडली की पुन्हा तिकडेच. रात्री पण त्याच उंबऱ्यावर बसायची आणि गल्लीत मुंगूस फिरत होतं.

नात पूजा म्हणाली, "आजी, कोणालातरी देऊन टाक."

मी म्हटलं, "तुलाच देऊन टाकते, थांब."

मग एक दिवस भिंतीवरून पाहिलं. सुमनच्या परसात तिची मातीची चूल तशीच होती. काळी लहान होती तेव्हा सुमनने तिला त्याच चुलीभोवती फिरवली होती, माझ्यासमोर.

सुमनचा मुलगा दिनेश सुरतला असतो. त्याला फोन लावला.

"दिनेश, तुन्ही मायनी चूल माले दे."

"काय वं मावशी, चूल काय उपटीसन ली जाशी?"

"हां, उपटीसन."

मग म्हणाला, "ली जाय. मायले बी बरं वाटी."

मी आणि पूजाने फावड्याने चूल काढली. आणताना दोन तुकडे झाले. पूजा घाबरली. मी म्हटलं, माती आहे, मातीने जोडू. माझ्या मागच्या दारात बसवली, शेणमातीने लिंपली, वाळल्यावर पेटवली. सुनेने नाक मुरडलं, पण त्यावरची भाकरी पहिली तिनेच खाल्ली.

मग काळीला उचललं आणि चुलीभोवती फिरवलं. सुमन म्हणायची तसंच म्हटलं, "आते हाई तुन्हं घर."

सोडली.

ती भिंतीपर्यंत गेली. मान वर केली.

माझा जीव तिच्या त्या मानेत अडकला होता.

मग वळली, आली आणि चुलीजवळच्या कोमट राखेत अंग फुगवून बसली.

पुन्हा कधी त्या दारात गेली नाही.

म्हसावदच्या बाजारातून लाल कोंबडा आणला. काळी अंडी द्यायला लागली, मग खुडुक झाली, अंड्यांवर बसायला तयार. टोपलीत भुसा घातला, खाली त्याच चुलीची राख. अंड्यांवर कोळशाची खूण केली.

पूजा म्हणाली, "आजी, मी ठेवते. सुमनआजी काय बोलली होती?"

ठेवली मीच. मेलेल्या बाईचं किती ऐकायचं?

पण रोज धाकधूक. मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडावर अंडं धरलं तेव्हा आत लाल शिरा दिसल्या. मी कोणाला सांगितलं नाही. उगाच दृष्ट लागायची.

आज पहाटे टोपलीतून आवाज आला. आधी एक, मग दुसरा. मी अनवाणीच पळाले. काळीच्या पंखाखालून एक ओलं डोकं बाहेर आलं आणि माझ्याकडे बघून ओरडलं.

दोन अंडी फसली. बाकी सगळी निघाली.

एक अगदी काळं आहे, काळीसारखं. आताच दुसऱ्यांना चोच मारतं. सुमनवर गेलंय.

फोटो मागू नका. मोबाइल जवळ नेला की काळी अंगावर येते.

सुमन, तुझ्या फोटोला हार दिनेशने सुरतला घातला असेल. माझ्याकडे हार नाही. तुझी चूल पेटलेली आहे, तिच्यावर पिल्लांसाठी तांदळाची कणी भाजते आहे.

मन्हा हातनी निंघनात वं पिलं.

आते बोल.

सुमनबाईला माझा आणि काळीचा रामराम.