झुंबर पगारे यांचा डावा हात

झुंबर पगारे स्टुलावरून पडले ते ट्यूबलाइट बदलताना. ट्यूब उजव्या हातात होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही. त्यामुळे ट्यूब वाचली, डावं मनगट मोडलं. सुलाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, तर नवरा फरशीवर बसून ट्यूब कानाशी धरून हलवून बघत होता.

"अहो, लागलं का तुम्हाला?"

"आत काही वाजत नाही. चांगली आहे," झुंबर म्हणाले, आणि मग त्यांचं लक्ष स्वतःच्या मनगटाकडे गेलं.

झुंबर असेच होते. दिंडोरीकडच्या एका खेड्यात लहानपण गेलं. आई लवकर वारली, तेव्हा थोरल्या बहिणीने, भागीबाईने, दुसऱ्याच्या शेतात निंदणी करून त्यांना आयटीआयपर्यंत शिकवलं. पुढे ओझरच्या विमान कारखान्यात ते चिकटले आणि निवृत्त होईपर्यंत विमानाचे पत्रे जोडणाऱ्या रिव्हेट मारत राहिले. इंदिरानगरात अजून निम्मी शेतं होती, तेव्हा त्यांनी तिथे फ्लॅट घेतला आणि त्याच वर्षी नंबर लावून बजाजची स्कूटर. फ्लॅटला नंतर दोनदा रंग दिला. स्कूटरला किती वेळा दिला ते सुलाबाई सांगू शकतील, पण सांगताना त्यांचा आवाज चढतो.

दर रविवारी झुंबर स्कूटर काढून देवळाली कॅम्पला जात. भागीबाई आता तिथे एकट्याच राहत होत्या. यजमान तोफखान्याच्या स्टोअरमध्ये कामाला होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. कानाने कमी ऐकू येई, त्यामुळे फोनवर बोलणं म्हणजे नुसती ओरडाओरड. गुडघ्यांमुळे रस्त्यापर्यंत चालवत नसे. म्हणून झुंबर स्कूटर थेट त्यांच्या ओट्याला लावत. ओट्यावरून त्या अलगद मागच्या सीटवर सरकत आणि भावाच्या मागे बसून बाजार करून येत. आठवड्यातून एकदा, तेवढंच त्यांचं बाहेरचं जग. रिक्षात पाय वर उचलून चढणं त्यांना जमत नसे. स्कूटरचं बरोबर जमे.

मनगट मोडलं आणि ते सगळं बंद पडलं.

प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपी आली. मुलगा अश्विन अंबडच्या एका कंपनीत होता. त्याच्या नोकरीच्या विम्यात आई-वडीलही बसत होते. त्या विम्याच्या यादीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात झुंबर जाऊ लागले. तिथे गर्दी फार. एका बाकावर कंबरवाले, गुडघेवाले, मानवाले सगळे ओळीने. हात गरम मेणात बुडवायचा, मग मशीन लावायचं, मग रबरी चेंडू दाबायचा. तिथली व्यायाम घेणारी मुलं बिचारी गोड होती, पण एकेकाच्या वाट्याला पाच माणसं. शेवटच्या दिवशी त्यातल्या एकाने विचारलं, "काका, कप धरता येतो? शर्टाची बटणं लागतात? मग झालं. विम्याची मंजुरी इथपर्यंतच असते."

कप धरता येत होता. बटणं लागत होती. पण घरी येऊन झुंबर स्कूटरवर बसले आणि क्लच दाबायला गेले, तर बोटं अर्ध्यावर थांबली. गिअर फिरवायला मनगट वळेचना. या जुन्या स्कूटरचं सगळं त्या डाव्या मुठीत. क्लच दाबून धरायचा आणि तो दाबलेला असतानाच अख्खी मूठ वर-खाली फिरवायची. चौथ्या गिअरला तर मनगट पार खाली जातं.

अश्विनने वरून, गॅलरीतून, हे पाहिलं. रात्री जेवताना तो म्हणाला, "दादा, कॉलेज रोडला एकजण जुन्या गाड्या घेतो. शौकीन माणूस आहे. आपली बघून गेला मागे, आठवतं? चांगला भाव देतोय. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी येतो म्हणालाय."

"मग मी काय वापरू?"

"बस. रिक्षा. मी आहे."

"बिनगिअरची घेऊ की एखादी," सुलाबाई म्हणाल्या.

"तिचा मागचा ब्रेक डाव्याच हातात असतो, आई. हात दाबत नसेल तर ब्रेक कसा लागणार? आणि आता या वयात पुरे ना."

उठताना झुंबरांनी भाताचा घास ताटातच ठेवला. सुलाबाईंना ते दिसलं.

विहारात दर पौर्णिमेला भेटणाऱ्या एका बाईंकडून सुलाबाईंना राखीचं नाव कळलं. राखी घरी येऊन व्यायाम घेई, एका वेळी एकच माणूस, पूर्ण तासभर. पण ती कुठल्याही विम्यात नव्हती. पैसे रोख, आपल्या खिशातून.

"खिशातून?" झुंबर उखडले. "मग पोरगा हप्ता भरतो तो कशाला? यादीतल्या माणसाकडे फुकट होतंय ते बाहेर विकत घ्यायचं?"

"झालं का मग फुकटात?"

"तो प्रश्न नाही."

"तोच प्रश्न आहे. मागच्या वर्षी त्या स्कूटरचा कार्ब्युरेटर मुंबईहून मागवलात. कोणता विमा होता त्याला?"

झुंबरांनी पेपर उघडला. पेपर कालचा होता. सुलाबाईंनी फोन लावला.

राखी आली ती लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला निघाल्यासारखी, पाठीला सॅक, केस घट्ट बांधलेले. तिने मशीन काढलं नाही, चेंडू काढला नाही. झुंबरांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "काका, या हाताने तुम्हाला काय करायचंय?"

इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. झुंबर उठले, चपला घातल्या आणि तिला खाली पार्किंगमध्ये घेऊन गेले.

राखीने असली स्कूटर कधी चालवली नव्हती. तिने काकांना बाजूला उभं केलं, स्वतः बसली, क्लच दाबून बघितला, मूठ फिरवून बघितली. "बाप रे! आणि हे दाबून धरून फिरवायचं? सगळे गिअर? थांबा, परत दाखवा." मग तिने आपल्याच मनगटाला हात लावून कुठली शीर ताणते ते पाहिलं आणि झुंबरांचा हात त्याच मुठीवर ठेवून तेच केलं. त्या दिवशी जमिनीवर उकिडवं बसून दोघांनी ठरवलं ते असं: क्लचची केबल काढायची आणि लिव्हरला टायरच्या जुन्या ट्यूबची रबरी पट्टी बांधायची. आज पातळ, मग रुंद, मग दुहेरी. जमलं की केबल परत. वर घरात ओला टॉवेल पिळणं, पोळ्या लाटणं, डब्याचं झाकण फिरवणं.

"पण मोजून, काका. मी सांगेन तेवढंच. दुखायला लागलं की बंद."

"हो, हो," झुंबर म्हणाले.

आणि इथेच घोटाळा झाला. फुकटचं असताना चेंडू दाबायला कंटाळणारा हा माणूस, खिशातून पैसे गेल्याबरोबर पेटला. दिलेला पैसा वसूल झालाच पाहिजे. कारखान्यात सवय ओव्हरटाइमची. सकाळची पाळी, दुपारची पाळी, आणि सुलाबाई मालिका बघत असताना तिसरी. घरातले सगळे टॉवेल पिळून झाले की ते कोरडे टॉवेल भिजवून आणत. राखी आली की तिच्या तासातला प्रत्येक क्षण कामी लावायचा.

"मॅडम, आलाच आहात तर हिची मान जरा बघा."

"अहो, माझी मान चांगली आहे!"

"परवा दुखत होती. आणि खालच्या मजल्यावरच्या लताबाईंची टाच आहे, त्यांना बोलावू का?"

"काका, लताबाईंची टाच लताबाईंकडे राहू दे," राखी हसून म्हणाली.

पहिल्या रविवाराला आठवडा राहिला होता, तेव्हा हात सुजला. नुसता सुजला नाही, तापला. कप धरता येईना. झुंबर तो हात शालीखाली घेऊन बसले. थंडीही नव्हती. राखीने शाल बाजूला केली आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"किती वेळा केलं?"

"तुम्ही सांगितलं तेवढं."

"दिवसातून तीनदा," सुलाबाई दारातून म्हणाल्या. "दुप्पट पट्टी बांधून."

"तू गप्प बस गं."

"का गप्प बसू? माझे टॉवेल दोरीसारखे झालेत."

राखीने विचारलं, "काका, रिव्हेट ठोकताना जरुरीपेक्षा जास्त ठोकली तर पत्रा जास्त मजबूत होतो?"

"छे! पत्रा फुगतो. भोकाला चीर जाते." वाक्य पूर्ण होता होता झुंबरांचा आवाज बारीक झाला. "अख्खा पॅनल बाद करतात."

"तुमचा पॅनल अजून बाद नाही. पण हात उशीवर ठेवा. आज काही करायचं नाही. परवाही मी येणार आणि परवाही काही करायचं नाही. शुक्रवारी बघू."

"मग परवा कशाला येणार?"

"तुम्ही काही करत नाही ना, ते बघायला. फी नेहमीचीच."

झुंबरांनी सुलाबाईंकडे पाहिलं. सुलाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस स्वस्थ बसण्याचे पैसे मोजत होता. परवाचा तास त्यांनी खरोखर उशीवर हात ठेवून काढला. राखी हलकेच बोटं वर-खाली करून देत होती, त्यापलीकडे काही नाही. मधेच त्यांची नजर गॅलरीतून खाली पार्किंगकडे गेली. "रविवारी तो माणूस स्कूटर न्यायला येतोय, मॅडम," ते म्हणाले. "माझी आक्का तीन महिने घराबाहेर पडलेली नाही. हे जमलं नाही तर ती पडणारच नाही."

"म्हणूनच आज बसायचं," राखी म्हणाली.

शुक्रवारी सूज उतरली होती. राखीने केबल लावायला सांगितली. क्लच शेवटपर्यंत दाबला गेला. तिने गिअर फिरवून घेतले, आणि सिग्नलला क्लच धरून बसायचं नाही, न्यूट्रल करून बोटं मोकळी सोडायची, हे इतक्या वेळा सांगितलं की सुलाबाईंनाही पाठ झालं.

रविवारी कॉलेज रोडचे गृहस्थ आले, गॉगल लावून. अश्विनने त्यांना चहा दिला. झुंबर हेल्मेट घालून तयार होते.

"अश्विन, बस मागे. बागेला चक्कर मारू. नाही जमली तर किल्ली ह्यांना देऊन टाक."

अश्विन घरातल्या चपलांतच मागे बसला. पहिला गिअर पडला, दुसरा पडला. बागेचा कोपरा आला, झुंबर वळले नाहीत.

"दादा, इकडून!"

"तिसरा बघू दे."

तिसरा पडला. वडाळ्याच्या रस्त्याला लागल्यावर चौथाही पडला, जरा कुरकुरत. "दादा, ते गृहस्थ बसलेत घरी! मी घरच्या चपलांत आहे!" अश्विन ओरडत होता. सिग्नलला झुंबरांनी न्यूट्रल केलं, हात मांडीवर ठेवला, बोटं उघडली, मिटली. विहितगाव मागे पडलं तेव्हा अश्विनने ओरडणं सोडलं आणि बापाच्या डाव्या हाताकडे वाकून बघायला लागला.

स्कूटर ओट्याला लागली. भागीबाई दारात तांदूळ निवडत होत्या.

"आला का रे! लय दिस लावले. आन् हे पोरगं आसं चपला घालून कुठं निघालं?"

"आक्का, बाजारात जायचं का?" झुंबर ओरडले.

"मंग! पिशवी आणते." त्या आत गेल्या, आणि आतून त्यांचा आवाज आला, "ह्याला हितंच ठिव, तांदूळ निवडंल."

अश्विन ओट्यावर सूप घेऊन बसला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. घरी बसलेले गृहस्थ होते. काकूंनी दुसऱ्यांदा पोहे दिले, गाडी कधी येते, असं विचारत होते.

समोर भागीबाई पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर सरकत होत्या. झुंबरांनी एकदा डावी मूठ उघडून मिटली, क्लच दाबला, पहिला टाकला.

"सॉरी हं," अश्विन फोनमध्ये म्हणाला. "गाडी विकायची नाहीये. रोजच्या वापरातली आहे."