४५५ बोअरचे रिव्हॉल्व्हर

मुलांनो, तुम्ही फोनवर विचारलेत, "आजी, तू खरंच रोज कमरेला रिव्हॉल्व्हर लावून फिरायचीस?" फिरायचे. पण पहिले रिव्हॉल्व्हर मी चुकीच्या कारणासाठी निवडले होते. ते ज्या दिवशी कळले, तो दिवस इतक्या वर्षांनीही मला जसाच्या तसा आठवतो.

तेव्हा मी पेणला फौजदार होते. रोह्याच्या रस्त्यावर ट्रक अडवून लुटणारी तिघांची टोळी होती. त्यांनी एका ड्रायव्हरच्या खांद्यात गोळी घातली आणि आम्हा अधिकाऱ्यांना रोज शस्त्र बाळगण्याचा हुकूम झाला. अलिबागच्या शस्त्रागारात जमादारांनी माझ्यापुढे दोन रिव्हॉल्व्हर ठेवली. एक हलके, ३८ बोअरचे. दुसरे ब्रिटिशांच्या वेळचे, ४५५ बोअरचे.

"बाईसाहेब, अडतीस घ्या. हे धूड दिवसभर वागवाल तर कंबर धरेल."

"मला मोठंच हवंय."

"याची गोळी बसली की माणूस उठत नाय, येवढं ध्यानात ठेवा."

ठाण्यात मला पाठीमागे 'कॉन्व्हेंटची बाहुली' म्हणत. मी मोठे घेतले आणि रजिस्टरवर सही केली.

महिन्याभराने खबर आली की टोळीतला एकजण हमरापूरला बहिणीकडे लपला आहे. मी, एक हवालदार आणि दोन शिपाई दुपारी पोहोचलो. घरात कोणी नव्हते. बहीण जवळच्या मूर्ती बनवायच्या शेडमध्ये गणपतीचा पीतांबर रंगवत होती. गावात अशा शेड पुष्कळ. एकेक तपासत बसलो असतो तर तो निसटला असता, नाहीतर गोळी चालली असती.

"भाऊ कुठे आहे?"

"मला काय ठावं?"

"काल इथे जेवला."

"कोन सांगतं? सांगनाऱ्यालाच विचार."

अर्धा तास हेच. खोटे बोलणारा नजर चुकवतो, असे आम्हाला शिकवले होते. ही मात्र एकटक माझ्या पट्ट्याकडे पाहत होती. ब्रश पीतांबरावरून घसरला आणि पिवळा रंग मूर्तीच्या पावलावर गेला.

"कशाला घाबरतेस?" मी विचारले.

"येवढं मोठं कुनासाठी आनलंस गो? माझा भाव अंगानं काडी हाय. त्याचं काय उरंल?"

मी सहाही काडतुसे काढली आणि रिव्हॉल्व्हर हवालदाराच्या हाती दिले.

"बाई, त्याच्याकडं कट्टा हाय," तो पुटपुटला.

"ठाऊक आहे. तुम्ही रस्त्यावर थांबा."

तिने ब्रश ठेवला, पदराला हात पुसले आणि मला तिसऱ्या शेडपाशी नेले. दारात माझ्यापुढे उभी राहून तिने हाक मारली, "बाहेर ये रे. बाईच्या हातात काय नाय. आनि मारायचंच असंल तर आधी मला मार."

मूर्ती बांधायचा पेंढा हलला. तो रडतच बाहेर आला आणि त्याने गावठी कट्टा बहिणीच्या पायाशी ठेवला. पंचनाम्यात त्यात एक काडतूस निघाले. त्याच्या जबाबावरून उरलेले दोघे आठवड्यात सापडले. त्याने शिक्षा भोगली. निःशस्त्र गेल्याबद्दल मला मेमो मिळाला, तो योग्यच होता.

४५५ मी जमा केले आणि निवृत्तीपर्यंत अडतीसच वागवले. शस्त्र निवडताना लोक मला काय समजतील एवढाच विचार मी केला होता. समोर कोण असेल, हा विचार तिने करायला लावला. त्या दारात ती उभी राहिली भावासाठी, हे मी जाणते. पण त्या एका काडतुसाच्या आणि माझ्या मध्ये तीच होती. हे लिहायला मी आहे, आणि वाचायला तुम्ही आहात, ते तिच्यामुळे.