गढूळ पाण्याची बाजू

माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. तरीही मामलेदार कचेरीच्या आवारातील माझ्या अर्जनविशीच्या टेबलाशी वकील मंडळीही आपला मसुदा नजरेखालून घालून घेण्यासाठी थांबत, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

सत्तरीचे दशक सरत आले होते. खाडीकाठच्या गावातील एक शेतकरी ग्रामपंचायतीची नोटीस घेऊन आला. गावतळे मक्त्याने घेऊन त्याने त्यात रोहू सोडला होता. पाणी घाण झाले, रोगराई होईल, या तक्रारीवरून आठ दिवसांत तळे उपसण्याचा हुकूम निघाला होता. मासे जेमतेम वीतभर. तळे उपसले तर त्याची सारी मेहनत चिखलात जाणार होती.

मी तत्काळ मामलेदारांकडे अर्ज केला : ‘सदर पाणी निर्मळ, स्वच्छ व आरोग्यास हितकारक आहे.’ पाण्याच्या प्रत्येक अर्जात मी हेच वाक्य घालीत असे. पाहणीस गेलेल्या कारकुनाने मात्र शेरा मारला, ‘पाणी तपकिरी. अर्जातील मजकूर खोटा.’ माझ्या हयातीतला हा पहिलाच असा शेरा.

शेतकऱ्याने शांतपणे सांगितले, “पानी गढूलच हाय, भाऊसाहेब. मीच केलाय तसा. तुमी मना इचारला कुठं?”

मी छत्री उचलली आणि तडक तळ्यावर गेलो. कोणताही अर्जनवीस एवढी तसदी घेत नाही. म्हशी जिथे डुंबत त्या कोपऱ्यातले मासे अधिक पोसतात, हे त्याने हेरले होते. म्हणून तो पाण्यात बेताने शेण, कोंडा आणि काकवी टाकी व सकाळ-संध्याकाळ बांबूने तळ ढवळी. त्याने ओंजळभर पाणी माझ्यापुढे धरले. त्यात रव्यासारखे तपकिरी कण तरंगत होते. मासे तेच खात. गास गावच्या बाजूला त्याच्या मेव्हण्याचे तळे आरशासारखे होते, पण थंडीत तिथल्या माशांच्या अंगावर फोड उठले होते. याच्या तळ्यात एकही मासा दुखणाईत नव्हता.

दुसरा अर्ज मी रात्रंदिवस घोटून लिहिला : ‘पाणी गढूळ आहे, हे अर्जदार कबूल करतो. ते गढूळ राखणे हीच त्याची मेहनत असून माशांचे आरोग्य त्यावरच अवलंबून आहे.’

मामलेदारसाहेब स्वतः आले. मी पाचूबंदरची एक कोळीण साक्षीला आणली होती. तिचे अर्ज मीच लिहीत असे. जाळ्यातला रोहू उचलून तिने कल्ला उघडला, खवल्यांवर अंगठा फिरवला आणि नाक मुरडले.

“तल्यातला मासा आमी तोंडात घालीत नाय, सायेब. पन याला आजारी म्हननारा आंधला.”

साहेब हसले. मासे विकले जाईपर्यंत नोटीस तहकूब झाली.

चैत्रात जाळे ओढले तेव्हा काठावर पुढे उभे होते ते मूळ तक्रारदारच. त्यांनी दोन मोठे रोहू निवडून घेतले. शेतकऱ्याने त्यांच्यासमोर माझ्याकडे बोट केले.

“मासा माजा, पानी बी माजा. पन त्या पान्याची बाजू या भाऊसाहेबांनी मांडली.”

तक्रारदारांनी मला नमस्कार केला. मी तो स्वीकारला.