सुजाताची पाणबुडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. माझ्या खेळाबद्दल विचारायला लोक आले, मी तासन्‌तास बोलले – पण ही गोष्ट आली की मी शेजारच्या वाटेनं निघून जायची. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही समोर नाही. एवढंही धैर्य मला आत्ता, पन्नाशी ओलांडल्यावर आलंय.

आधी खेळाचं सांगते. ते सोपं आहे.

‘तळ’ नावाचा संगणकावरचा एक खेळ आहे. तुम्ही पाणबुडीचे कप्तान. पडद्यावर समुद्र दिसत नाही, मासे नाहीत, स्फोट नाहीत. काळा पडदा, खोली आणि दिशा सांगणारे काटे, आणि आवाज. वरून कुठलं जहाज चाललंय, ते जवळ येतंय की लांब जातंय – हे कानानं ओळखायचं. इंजिन बंद करून कधी कधी अर्धा-पाऊण तास नुसतं ऐकत बसावं लागतं. असला खेळ कोण खेळणार? थोडे लोक खेळतात. कुणी नॉर्वेत, कुणी कोचीत, कुणी इथंच पुण्यात. त्यांची मला पत्रं येतात. बहुतेक माझ्याच वयाचे. नवी पोरं पाच मिनिटांत कंटाळतात, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही.

संगणक बदलला की खेळ बंद पडतो. मग मी तो पुन्हा चालता करायची. नोकरी सांभाळून, रविवारी. आता डोळे साथ देत नाहीत. असे खेळ विकणारा एक छोटा प्रकाशक होता, त्यानं हात वर केले. कोचीचा एक तरुण म्हणाला, मॅडम, खेळाचा सगळा कोड सर्वांसाठी खुला करा, आम्ही चारपाच जण मिळून खेळ जगवतो. फक्त तो कुणी-कुणी बनवला त्यांची नावं कळवा आणि प्रत्येकाची परवानगी द्या.

प्रत्येकाची. साधा शब्द आहे ना? मी त्या पत्राला कित्येक महिने उत्तर दिलं नाही.

हा खेळ औरंगाबादेत जन्मला – तेव्हा गावाचं नाव औरंगाबादच होतं. समुद्र सोडा, धड नदी नसलेल्या गावात. मी आणि सुजाता पॉलिटेक्निकला एका बाकावर होतो. माझ्या वडलांचं गुलमंडीत कापडाचं दुकान. सुजाता विद्यापीठाच्या मागच्या वस्तीत आईबरोबर राहायची. वडील नव्हते, आई बांधकामावर जायची. घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली सुजाताची पुस्तकं. वर्गात संगणक थोडे, मुलं जास्त. मुलं खुर्च्या अडवून बसायची. आम्ही दोघी शिपाई काकांना सांगून सकाळी लवकर खोली उघडून घ्यायचो.

पाणबुडीची कल्पना माझी. एका जुन्या मासिकात चित्र पाहिलं होतं. मी पडद्यावर निळं पाणी रंगवत बसले होते. सुजातानं ते सगळं पुसून टाकलं.

“दिसलं की संपलं की गं. नुसतं ऐकू येऊ दे.”

मी विचारलं, हे तुला कुठून सुचलं? तेव्हा तिनं सांगितलं. एकदाच. तिचं गाव परभणीकडं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी तिकडं वस्त्या जाळल्या गेल्या. ती पाचसहा वर्षांची. आई तिला घेऊन उभ्या पिकात शिरली. तोंडावर आईचा हात. काही दिसत नव्हतं. कुणाच्या पायात वहाणा आहेत, कोण अनवाणी आहे, कोण जवळ येतंय, कोण पुढं गेलं – हे दोघी मायलेकी ऐकत राहिल्या. उजाडेपर्यंत. मग गाव सोडलं ते कायमचंच.

तिनं हे अगदी सपाट आवाजात सांगितलं आणि वर म्हणाली, “चल, तो काटा नीट कर.”

म्हणजे खेळाचा जीव तिथून आला. पुढं लोकांनी मला विचारलं, ही अंधारात ऐकण्याची कल्पना कुठून आली? मी काय सांगितलं असेल? मी सांगितलं – लहानपणी वेरूळच्या लेण्यात दिवा विझला होता, तेव्हाची आठवण. वेरूळला मी शाळेच्या सहलीत भर दुपारी गेले होते. लेण्यात डबा खाल्ला होता. पण हे नंतरचं. मूळ गोष्ट याच्याही आधीची आहे.

वाळूजला तेव्हा रोज नवीन शेड उभी राहत होती. तिथल्या कारखानदारांनी विद्यार्थ्यांच्या संगणक प्रकल्पांचं प्रदर्शन ठेवलं. ज्यांचं काम आवडेल त्यातल्या एखाद्याला नोकरी देणार, असं सरांनी कानावर घातलं. एखाद्याला. आमचा खेळ निवडला गेला. सुजातानं आईच्या नव्या लुगड्याचे पैसे मोडून ड्रेस शिवला.

त्याच दिवसांत नामांतराचा प्रश्न पुन्हा तापला होता. मोर्चे, बंद, एसटीवर दगड. घरी वडील एवढंच म्हणाले, “त्या पोरीला सध्या दुकानाकडं आणू नको. दिवस बरे नाहीत.” मी मान हलवली. तुम्हाला वाटेल, वडलांच्या भीतीनं मी पुढचं केलं. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगत आले. तसं नव्हतं. वडलांनी मला काहीच करायला सांगितलं नव्हतं. मला दिसत होतं की प्रश्न विचारले तर उत्तरं सुजाताला येतील. ती बोलायला लागली की मी शेजारी नुसती उभी असेन. आणि मला एकटीला तिथं उभं राहायचं होतं – इतकंच.

प्रदर्शनाच्या सकाळी मी लुना घेऊन तिच्या घरी गेले. फ्लॉपी माझ्याच पर्समध्ये होती. सुजाता तयार होऊन उंबऱ्यात बसलेली. केसांना तेल, नवा ड्रेस. मी लुनावरून उतरले पण नाही.

“प्रदर्शन रद्द झालंय. गुलमंडीकडं दगडफेक झाली म्हणे, संचारबंदी लागणार आहे. तू घराबाहेर पडू नको.”

काही झालेलं नव्हतं. मी गुलमंडीतूनच आले होते. दुकानं उघडत होती, चहाच्या गाड्यावर माणसं उभी होती.

तिची आई आतून आली. तिनं सुजाताच्या दंडाला धरून तिला आत ओढलं. चुलीवर काहीतरी होतं, तेही तिनं उतरवलं. धूर दिसू नये म्हणून? मला माहीत नाही. आणि मला म्हणाली, “तू कशाला आलीस गं माय, असल्यात? आमच्यासाठी आलीस व्हय? जा, लौकर जा. मोठ्या रस्त्यानं नको जाऊ.”

दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

तिथं मी परत फिरू शकले असते. दार वाजवून म्हणू शकले असते – चुकलं, खोटी बातमी होती, चल. मी लुनाला किक मारली आणि मोठ्याच रस्त्यानं वाळूजला गेले.

खेळ आवडला. प्रश्न विचारले गेले, जेमतेम उत्तरं दिली. एका साहेबांनी विचारलं, एकटीनं केलंत? मी हो म्हणाले. सुरुवातीच्या पडद्यावर दोन नावं होती, तिचं वर. ते मी आदल्या दिवशीच काढलं होतं. म्हणजे सगळं ठरवून केलं, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

सुजाताला मी नंतर सांगितलं की प्रदर्शन पुढं अचानक झालं आणि एकेकालाच बोलावलं. तिनं विचारलं, “आपल्या दोघींचं म्हणून दाखवलंस ना?” मी म्हणाले, हो. तिनं विश्वास ठेवला. आणि दगडफेक? त्या दिवसांत अफवा इतक्या उठायच्या की एखादी खोटी निघाली तर लोक सुटकेचा श्वास सोडायचे, जाब कुणी विचारत नसे. मला हेही माहीत होतं.

नोकरी मला मिळाली. पुढं पुणं. पुढं ‘तळ’ माझ्या एकटीच्या नावानं बाजारात आला. विद्यापीठाचं नाव बदललं त्या जानेवारीत सुजातानं मला पेढे पाठवले. ती पडेगावच्या शाळेत गणित शिकवायला लागली. चांगली शिक्षिका झाली, असं सगळे म्हणतात. संगणकाकडं ती पुन्हा वळली नाही. का, ते मी कधी विचारलं नाही.

या हिवाळ्यात मी तिच्याकडं पडेगावला गेले. सांगायचंच, असं ठरवून. तिची आई आता नाही. सुजाताची सून घरात होती. मी लॅपटॉपवर खेळ लावला. सुजातानं चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि ऐकत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, “डावीकडून येतंय. जड आहे. थांब, थांब, जाऊ दे त्याला.” तिनं सगळी जहाजं ओळखली. मग सुनेला हाक मारून म्हणाली, “ही बघ. दगडफेकीच्या दिवशी आमच्यासाठी जीव धोक्यात घालून आली होती. माझी माय मरेपर्यंत हिचं नाव काढायची. लई जीव हिच्यावर.”

सून माझ्या पाया पडली.

मी तिला पाया पडू दिलं. चहा घेतला, निघाले. सांगितलं नाही.

परवा कोचीच्या मुलाला उत्तर लिहिलं. बनवणाऱ्या दोघी, पहिलं नाव सुजाताचं, अंधारात ऐकण्याची कल्पना तिची, वेरूळची गोष्ट खोटी. परवानगी तिच्याकडं मागावी म्हणून तिचा पत्ता दिला. आणि हे जे तुम्ही वाचताय, ते मी पडेगावला पाठवलंय. तुमच्या हाती पडेल तेव्हा तिनं वाचलेलं असेल.

खेळ जगवायचा की नाही, हे आता ती ठरवील. ती नको म्हणाली तर माझ्याजवळच्या सगळ्या प्रती मी पुसून टाकीन. माझी परवानगी मी लिहून दिलेली नाही. ती द्यायचा हक्क माझा नव्हताच.