हळदीचं बोट

देवासच्या टेकडीखालच्या आपल्या दुकानातून भगवंतराव सकाळपासून चौथ्यांदा दाराशी आले. पेट्या, सतारी, तंबोरे दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं एका जागी बसून काढलेला माणूस, पण आज बूड म्हणून टेकत नव्हतं. धारहून इरावती यायची होती. तिला दीड लाखाची बास गिटार घ्यायची होती, कुणा मोठ्या सिनेकलावंताच्या हातची म्हणे. तीन वर्षं शिकवण्या करून तिने पैसे साठवलेले, आणि तिच्या बापूंनी बजावलेलं, "भगवंतकाका हो म्हणाले तरच घे."

इरावती आली, मागून विकणारा विपुल. धामनोदचा गडी, तोंडाळ.

"काका, यात देखना क्या? मागे त्यांची सही आहे, बघा ना!"

सहीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. एक डोळा मिटून गिटारची मान न्याहाळली, खुंट्या फिरवल्या, तारा छेडल्या. आवाज गोड, भरदार. मग पेचकसाने मागचं झाकण उघडलं आणि त्यांचा हात थांबला. आत लाकडावर एक पिवळट ठिपका होता. वाद्य बंद करण्यापूर्वी आत हळदीचं बोट लावायचं, ही त्यांच्या वडिलांची रीत. घराबाहेर ती कुणाला ठाऊक नव्हती.

आणि बास गिटार त्यांनी जन्मात एकच उघडली होती. ही मानाजीची गिटार! धारच्या ऑर्केस्ट्रात लग्नाकार्यांत वाजवणारा मानाजी. तो गेल्यावर त्याची बायको लतिका ती विकायला इथेच घेऊन आली होती. कुक्षीचा व्यापारी नऊ हजारांवर अडून बसलेला. भगवंतराव सहज बोलून गेले, "अहो, मुंबईच्या मोठ्या कलावंताने वाजवलेली आहे ही." व्यापाऱ्याने निमूट वीस मोजले. त्या थापेचं त्यांना कितीतरी दिवस पुण्य केल्यासारखं वाटत राहिलं होतं. आठ वर्षांत त्या थापेला मिशा फुटल्या होत्या, आणि आता सहीसुद्धा आली होती.

"पोरी, घेऊ नको," ते म्हणाले.

"क्यों भिया?" विपुल उसळला. "कुक्षीवाला छातीठोक सांगतो, देवासच्या भगवंतरावांनी खुद्द सांगितलंय म्हणून! तुमच्याच शब्दावर मी एक लाख मोजलेत."

भगवंतराव उठले, पुन्हा बसले. मागचं झाकण पेचकसाने परत घट्ट बसवलं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं, पण पोर टक लावून बघत होती.

"मीच सांगितलं होतं," ते शेवटी म्हणाले. "खोटं सांगितलं. ही धारच्या मानाजीची आहे. तीस हजारांची चीज, त्यावर एक पैसा नाही."

विपुलने मोजता येणार नाहीत इतक्या शिव्या दिल्या. गिटार उचलली आणि तो तरातरा निघून गेला. भगवंतरावांना जरा हलकं वाटलं. पोर वाचली, एवढं तरी झालं.

इरावती मात्र जागची हलली नव्हती. तिच्या घरी देव्हाऱ्याशेजारी एक तंबोरा होता. हा एका थोर गवयाच्या मैफलीत वाजलाय, असं भगवंतरावांनीच तो दुरुस्त करताना सांगितलेलं. तेव्हापासून बापू रोज त्याला फूल वाहत.

"काका," तिने हळूच विचारलं, "आणि आमचा तंबोरा?"

"तो खरा आहे बेटा. अगदी खरा."

तिने मान हलवली. पण त्या होकारात त्यांच्या शब्दावरचा विश्वास उरला नव्हता, आणि ते त्यांना लख्ख दिसलं.