अडुसष्टावर ठेवायची बालदी

साल दोन हजार सात, माझं वय एकाहत्तर. शाळा चौथीपर्यंत, पण गावात जन्मभर पिठाची गिरणी चालवली. मोटरचा आवाज ऐकून पट्टा सैल झालाय हे मी घरातून सांगायचो. अमेरिकेत, ट्रॉयला मुलाच्या घरी मात्र कशाला हात लावायची सोय नव्हती. मायक्रोवेव्ह नको बाबा, हीटिंगचं बटण नको बाबा. सोफा तेवढा माझा.

म्हणून मुलगा ऑफिसच्या कामाला दूर हर्नडनला निघताना म्हणाला, "बाबा, बेसमेंटमधली बालदी तुमच्यावर," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. बालदीत त्याची बिअर आंबत होती. मी दारूला कधी शिवलो नाही. पण काम ते काम. बालदीला गरम होणारा पट्टा, वरून जुनी गोधडी, आत बालदीला चिकटवलेली, गरमी मोजणारी वायर, ती भिंतीवरच्या डबीत गेलेली. डबीवर अडुसष्ट दिसलं पाहिजे, तिकडचं फॅरनहाइट, म्हणजे आपलं वीस. आकडा उतरला की डबी आपणच पट्टा तापवते, लाल दिवा लागतो.

"थंडी लागली तर यीस्ट झोपतं, बाबा, झाकणावरच्या नळीतल्या पाण्यात बुडबुडे यायचे थांबतात. मग बॅच गेली."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर चौसष्ट. दिवा लागलेला. मी बटण दाबून सत्तर लावलं. चहा पिऊन आलो, त्रेसष्ट. पंचाहत्तर लावलं. एकसष्ट!

"अहो, जिन्याच्या किती खेपा? गुडघे कुणाचे आहेत?" बायको वरून ओरडली.

"डबी आळशी आहे."

"मग त्याला फोन करा."

"कशाला? म्हणेल, म्हाताऱ्याला एक बालदी सांभाळता येत नाही."

ऐंशी लावलं. आकडा साठ. संध्याकाळी खाली आंबट, करपट वास यायला लागला. बॅच गेली म्हणून मी मटकन खाली बसलो. तेव्हा दिसलं, वॉशिंग मशीनच्या आडोशाला टॉवेलखाली स्टीलचं पातेलं, आणि पातेल्याभोवती तो पट्टा.

"हे काय आहे?" मी बायकोला खाली बोलावून विचारलं.

"विरजण. गेल्या महिन्यात त्यानंच लावून दिला होता पट्टा. या थंडीत दही लागतं कुठे?"

"तेव्हा बालदी रिकामी होती!"

"मग? वायर बालदीलाच आहे की. ती मी कुठे काढली?"

तेच तर. वायर बालदीची थंडी सांगत होती आणि डबी दही तापवत होती. मी चढवलेला सगळा उन्हाळा पातेल्यात गेला होता. बायकोनं टॉवेल उचलला. आत पाणी आणि गोळे.

"तुमच्या बिअरपायी माझं दही गेलं," ती म्हणाली.

पट्टा बालदीला बांधला, डबी अडुसष्टावर आणली, तोच फोन वाजला.

"बाबा, किती आहे?"

अडुसष्ट म्हणायला जीभ वळली होती. "साठ," मी म्हणालो. "बुडबुडेही थांबलेत." आणि पट्ट्याचं सांगितलं.

मी मनात सोफ्यावर जाऊन बसलोसुद्धा.

"रात्रभर गरम होऊ द्या. सकाळी झाकण न उघडता हळू हलवा. जमेल ना?"

"न जमायला काय झालं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी खाली गेलो. आकडा अडुसष्ट, झाकणावरची नळी गप्प. गोधडीखाली हात घालून पट्टा जागेवर असल्याची खात्री केली आणि बालदी दोन्ही हातांनी धरून, नळीतल्या पाण्यात पहिला बुडबुडा फुटेपर्यंत हळूहळू हलवत राहिलो.